कच्चं मडकं आणि सोपा डोंगर

डोंगर सोपा आहे का, हा प्रश्न माणूस नेहमी डोंगर उतरून आलेल्यालाच विचारतो. पहिली गफलत इथेच होते. जो उतरून आला त्याच्या लेखी डोंगर सोपाच असतो, कारण तो उतरून आलेला असतो. ज्याला अवघड गेला तो अजून वरच असतो, आणि त्याला विचारायला जायचं तर आधी आपल्याला डोंगर चढावा लागतो. परीक्षेचा पेपर सोपा होता का, हे आपण पहिल्या तासालाच हॉलबाहेर पडलेल्या पोराला विचारतो, तसाच हा प्रकार. त्या पोरांतली निम्मी हुशार असतात आणि निम्मी कोरा पेपर देऊन आलेली असतात. चेहऱ्यावरचा आनंद दोघांच्याही सारखाच.

आमच्या औंढा नागनाथला तर ही माहिती फुकट आणि मुबलक मिळते. गावाच्या आजूबाजूला डोंगरच डोंगर. हे म्हणे अजिंठ्याच्या रांगेचे फाटे. पण इथवर चालत येता येता बिचारे दमलेले दिसतात. सह्याद्रीसारखी छाती काढून उभं राहणं त्यांना जमत नाही. बसल्या बसल्या पाठीला जरा पोक यावा, तेवढीच त्यांची उंची. पायथ्याशी गुरं राखणारा कोणीतरी भेटतोच. त्याला विचारावं, “मामा, वर जायला किती लांब आहे?” तो आपल्याकडे, आपल्या बुटांकडे आणि विशेषतः आपल्या पोटाकडे पाहतो आणि म्हणतो, “पायी जायलात व्हय साहेब? हे काय, हितंच तर हाय.” या ‘हितंच’चं मेट्रिक पद्धतीत रूपांतर करणारं कोष्टक अजून निघालेलं नाही. फारच खोदून विचारलं तर “एक बिडीभर” असं उत्तर येतं. न ओढणाऱ्याने काय करायचं, हे तो सांगत नाही.

यात त्या मामांचा दोष नाही. आपल्याकडे अंतर पायांनी मोजायची रीत फार जुनी, आणि पाय ज्याचे त्याचे. कोस म्हणजे साधारण दोन मैल असं आपण शाळेत शिकलो. पण कोस मुलखागणिक लहानमोठा होत असे आणि चढाचा कोस सपाटीच्या कोसापेक्षा लांब असतो हे कुठल्याही बैलाला ठाऊक होतं. पुढे इंग्रजांनी मैलांचे दगड रोवले, त्यानंतर किलोमीटर आले, पण डोंगरात ‘हितंच’ टिकून राहिलं ते राहिलंच.

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. इतिहासाशी माझा संबंध खातेदारांच्या जुन्या थकबाकीपुरता. तरीही ‘सोपा डोंगर’ या विषयाच्या इतिहासात मला शिरावं लागलं, कारण आमच्या शाखेने डिसेंबरात कळसूबाईला जायचं ठरवलं आणि कोणाला न्यायचं, कोणाला नाही, याची छाननी माझ्या टेबलावर आली. मी कर्ज विभागात बसतो. “तुम्हाला पात्र-अपात्र ठरवायची सवयच आहे,” असं मॅनेजरबाई म्हणाल्या. नवशिके दोघे होते. एक आमचे हेडकॅशियर. वय छप्पन्न, रक्तदाबाची सकाळची एक गोळी, जन्मात डोंगर चढलेला नाही. सगळे त्यांना काका म्हणतात. दुसरा नवा क्लार्क. वय चोवीस, रोज व्यायामशाळेत जातो, दंड असे की काउंटरच्या खिडकीतून हात बाहेर काढताना तिरका काढावा लागतो. काकांना गोडीगुलाबीने वगळायचं आणि पोराला पुढे घालायचं, हे सगळ्यांनी मनोमन ठरवूनच टाकलं होतं. माझी फक्त सही हवी होती. पण काका माझ्या टेबलाशी येऊन हळूच म्हणाले, “निवृत्त व्हायच्या आत एकदा महाराष्ट्राच्या डोक्यावर उभं राहायचं आहे हो. नंतर गुडघे कोणाचे राहतात?” त्यामुळे सही तशीच राहिली आणि मी वाचायला बसलो.

वाचताना पहिला धक्का आपल्याच वाडवडिलांनी दिला. डोंगराची वाट सोपी असावी, असं त्यांच्या स्वप्नातही नव्हतं. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात दुर्गांचं प्रकरण आहे. किल्ल्याची वाट सुगम नसावी, आणि असलीच तर ती मोडून अवघड करावी, असा त्यातला रोख. एक अख्खं राज्य नवशिक्यांना वर येऊ न देण्यासाठी कामाला लागलं होतं, आणि आपण त्याच किल्ल्यांच्या पायथ्याशी रविवारी सकाळी पोह्यांची बशी हातात घेऊन विचारतो, “वाट सोपी आहे ना हो?”

हिरकणीचीच गोष्ट घ्या. रायगडावर दूध घालायला आलेली गवळण, संध्याकाळी दरवाजे बंद झाले, घरी तान्हं मूल, म्हणून ती काळोखात कडा उतरून गेली. कथेप्रमाणे महाराजांनी तिचं कौतुक केलं, साडीचोळी दिली. आणि मग काय केलं? ‘ही वाट नवशिक्यांना योग्य’ असा फलक लावला? मुळीच नाही. तिथे बुरूज बांधून वाट बंद केली. एका बाईला जमलं ते उद्या गनिमालाही जमेल, हा हिशेब. मला या कथेत आणखी एक गोष्ट दिसते. हिरकणीचा पराक्रम चढण्याचा नाही, उतरण्याचा आहे. चढून काय, ती रोजच येत होती, तीही डोक्यावर दुधाची घागर घेऊन. त्याबद्दल तिला कोणी साडीचोळी दिली नव्हती.

नंतर १८१८ साल उजाडलं. पेशवाई संपली, किल्ले इंग्रजांच्या हाती गेले, आणि नाशिककडच्या पुष्कळ किल्ल्यांच्या वाटा आणि पायऱ्या त्यांनी सुरुंग लावून उडवल्या. हरिहरच्या खड्या पायऱ्या पाहून कॅप्टन ब्रिग्ज थक्क झाला आणि त्या शिल्लक राहिल्या. आता त्याच पायऱ्यांवर सुटीच्या दिवशी रेशनच्या दुकानासारखी रांग लागते. ज्या गडांच्या पायऱ्या गेल्या तिथे आज दोराशिवाय जाता येत नाही. म्हणजे आजोबांनी डोक्यावर धान्याचं पोतं घेऊन चढलेला किल्ला नातवाला दोर, कड्या आणि विमा उतरवून चढावा लागतो. तेव्हा सोपेपणा हा काही डोंगराचा कायमचा गुण नव्हे. तो सालागणिक बदलतो, मोसमागणिक तर बदलतोच. फेब्रुवारीत ज्या कातळावर माणूस बसून डबा खातो त्याच कातळावर जुलैत शेवाळ धरतं, आणि मग माणूस बसतो हे खरं, पण स्वतःच्या इच्छेने नव्हे.

डोंगराला मार्क द्यायची टूम काढली ती साहेबाने. आणि तीही कोणी काढावी? एका मास्तराने. ओवेन ग्लिन जोन्स हा लंडनमधल्या शाळेत विज्ञान शिकवायचा आणि सुटीत कडे चढायचा. १८९७ साली त्याने इंग्लंडच्या सरोवर प्रदेशातल्या कड्यांवर पुस्तक लिहिलं आणि त्यात चढाया चार वर्गांत वाटून टाकल्या: सोप्या, मध्यम, कठीण आणि अतिशय बिकट. मास्तर तो मास्तरच. डोंगर दिसला तरी आधी तुकड्या पाडणार. आज आपण ‘सोपा-मध्यम-कठीण’ असे शेरे वाचतो, त्यांचं मूळ या प्रगतिपुस्तकात आहे. मास्तर दोनच वर्षांनी, १८९९ मध्ये, आल्प्समधल्या दाँ ब्लाँश शिखरावर वरच्या वाटाड्याचा तोल गेला तेव्हा त्याच्याबरोबर खेचला जाऊन गेला. वय एकतीस. त्या डोंगराला मार्क किती द्यायचे, हे लिहायला तो उरला नाही.

त्याच्या आधी १८९२ मध्ये नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गृहस्थाने वेळेचा हिशेब मांडला होता. दर तीन मैलांना एक तास, आणि वर दर दोन हजार फूट चढाला आणखी एक तास. आमच्या भाषेत मुद्दल आणि व्याज. हा हिशेब पाहून मला परदेशात नातेवाईक भेटल्याचा आनंद झाला. लगेच कळसूबाईचं खातं काढलं. शिखर १,६४६ मीटर, महाराष्ट्रात सगळ्यांत उंच. बारी गावातून चढ सुमारे नऊशे मीटर, वाट सहा-सात किलोमीटरची. नेस्मिथसाहेबांच्या दराने पावणेतीन तास. पण खाली बारीक अक्षरांतल्या अटी पाहायची बँकेतली सवय. हा दर ‘बऱ्या प्रकृतीच्या’ माणसासाठी आहे. त्यात चहा नाही, फोटो नाही, ‘जरा थांबू या’ नाही. आणि मुख्य म्हणजे उतरण्याबद्दल साहेब काहीच आकारत नाहीत. डोंगरावरून माणूस आपोआप घरी पोचतो, अशी त्यांची समजूत असावी. ती दुरुस्त व्हायला बरीच वर्षं लागली. पुढे लँगम्युअर नावाच्या दुसऱ्या साहेबाने तीव्र उतारालाही दर तीनशे मीटरमागे दहा मिनिटं जादा लावली.

आणि उंची? सगळे उंचीच विचारतात. आमचे डोंगर बुटके, म्हणून पाहुण्यांना वाटतं की दुपारच्या जेवणानंतर शतपावलीला जाऊन यावं. या पाहुण्यांसाठी मी जॉर्ज एव्हरेस्टचं उदाहरण राखून ठेवलं आहे. जगातल्या सर्वांत उंच शिखराला ज्याचं नाव, तो त्या शिखरावर कधी चढला नाही. पण निजामाच्या मुलखातल्या गोदावरी-कृष्णेच्या मधल्या बुटक्या, रानभऱ्या डोंगरांनी त्याला आडवा केला. १८१९ साली मोजणीच्या कामावर असताना त्याला असा ताप भरला, की बरं व्हायला त्याला पार दक्षिण आफ्रिकेच्या टोकापर्यंत जावं लागलं. त्याचा वरिष्ठ लॅम्बटन, ज्याने ही भारताची मोजणी सुरू केली, तो १८२३ मध्ये काम चालू असतानाच हिंगणघाटला वारला. (हिंगणघाट, हिंगोली नव्हे. हा खुलासा करायची आम्हा हिंगोलीकरांना सवय झाली आहे.) त्या दोघांना अडचणीत आणलं ते उंचीने नव्हे, हवेने, पाण्याने आणि तापाने. आज हिवतापाची ती भीती उरली नाही, पण इथला डोंगर अजून त्याच दोन हत्यारांनी लढतो. मार्च उजाडला की पानगळ झालेल्या सागाखाली सावली नसते, काळा दगड तव्यासारखा तापतो आणि पाणी म्हणाल तर ते तुम्ही खालून नेलंत तेवढंच. एप्रिलच्या अकरा वाजता औंढ्याचा दीडशे मीटरचा डोंगर आणि डिसेंबरातला कळसूबाई, यांत नवशिक्याने काय निवडावं, हे मी कोणाला विचारायला जाणार नाही.

पण ज्या प्रकरणाने माझी झोप उडवली ते १४ जुलै १८६५ चं. मॅटरहॉर्न हे आल्प्समधलं सुळक्यासारखं शिखर तोवर कोणी सर केलं नव्हतं. एडवर्ड व्हिंपर नावाचा इंग्रज तरुण त्याच्या मागे वर्षानुवर्षं लागलेला. या खेपेला एकूण सात जण निघाले, त्यांत डग्लस हॅडो हा एकोणीस वर्षांचा पोरगा. व्हिंपरने रीतसर विचारलं, याला हे झेपेल का? त्याला घेऊन आलेले हडसन पाद्री स्वतः नावाजलेले गिर्यारोहक. त्यांनी ग्वाही दिली, की पोराने माँ ब्लाँ बहुतेकांपेक्षा कमी वेळात केलं आहे, चालेल आपल्याबरोबर. माँ ब्लाँ तर मॅटरहॉर्नहून उंच! झालं, अर्ज मंजूर.

वाचता वाचता मी इथे थांबलो. हे प्रकरण मी ओळखत होतो. जामीनदार भरवशाचा, आधीचं खातं स्वच्छ, हप्ते मुदतीपूर्वी फेडलेले. फक्त आधीचं कर्ज दुचाकीचं होतं आणि आत्ता मागणी ट्रॅक्टरची आहे. कोणीही मंजूर केलं असतं. मीही केलं असतं, असं नव्हे. पण माझ्या ओळखीतल्या बऱ्याच जणांनी केलं असतं.

ते शिखरावर पोचले. दुपारी उतरायला लागले. आणि उतरताना त्या चपळ पोराला पाऊल कुठे टाकावं हे कळेना. मिशेल क्रो हा वाटाड्या आपली कुऱ्हाड बाजूला ठेवून त्याचे पाय हाताने धरून एकेक खोबणीत ठेवत होता. क्रो वळला, पोराचा पाय सुटला, तो क्रोवर आदळला. दोराने बांधलेले हडसन आणि लॉर्ड फ्रान्सिस डग्लस पाठोपाठ ओढले गेले. वरच्या तिघांनी पाय रोवले, पण मध्येच दोर तुटला. चौघे गेले, व्हिंपर आणि टॉगवाल्डर बापलेक तेवढे उरले. तो तुटका दोर झेरमॅटच्या संग्रहालयात अजून ठेवला आहे. पोराची वेगाची ग्वाही खरी होती. खोटं कोणीच बोललं नव्हतं. फक्त चुकीचा प्रश्न विचारला गेला होता. किती लवकर चढतो, असा.

चढणं म्हणजे कर्ज घेणं. तेव्हा सगळेच उत्साही असतात, फोटो काढतात, पेढे वाटतात. उतरणं म्हणजे परतफेड. पाय थकलेले, पाणी संपत आलेलं, ऊन कललेलं, आणि हप्ता मात्र चुकवता येत नाही. पंचवीस वर्षांच्या नोकरीत मी कर्ज घेताना घसरलेला माणूस पाहिलेला नाही.

आता तुम्ही म्हणाल, साहेबलोक डोंगर तपासत होते, तेव्हा आपले लोक काय करत होते? आपले लोक माणूस तपासत होते. आणि त्या कामी खुद्द आमच्या औंढ्याचं नाव गाजलेलं आहे. कथा सर्वांना माहीत आहे, पण छाननीच्या दृष्टीने ती कोणी वाचलेली नाही. तेरला गोरोबाकाकांच्या घरी संतमंडळी जमलेली. तेर म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यातलं. मुक्ताबाईने कोपऱ्यातलं थापटणं पाहून विचारलं, हे काय? गोरोबा म्हणाले, मडकं पक्कं की कच्चं ते याने कळतं. मग तपासा की आम्हाला, झाली सुरुवात! एकेकाच्या डोक्यावर थापटणं बसलं. सगळे मुकाट. नामदेवांची पाळी आली आणि ते रागावले. गोरोबांनी निकाल दिला: हे एवढं मडकं कच्चं.

विचार करा. नामदेव म्हणजे ज्यांच्याशी प्रत्यक्ष विठ्ठल बोलत असे. जामीनदार याहून मोठा कुठला? पण गोरोबांनी ओळखपाळख पाहिली नाही, आधीची खाती काढली नाहीत. टोला बसल्यावर माणूस काय करतो, एवढंच पाहिलं. नामदेव तडक पंढरपूरला, म्हणजे मुख्य कार्यालयात, अपिलात गेले. तिथे विठ्ठलानेही खालचाच निकाल कायम केला (असं आमच्याकडेही होतं) आणि गुरू करायला पाठवलं विसोबा खेचरांकडे, औंढ्याला. पंढरपूर ते औंढा सरळ रेषेत मोजलं तरी अडीचशे किलोमीटरांच्या वर. नामदेवांनी कोणाला ‘वाट सोपी आहे का’ असं विचारल्याचा उल्लेख मला कुठे सापडला नाही.

इथे पोचून पाहतात तो काय, विसोबा पिंडीवर पाय ठेवून निवांत झोपलेले! नामदेव म्हणाले, अहो, पाय काढा. विसोबा म्हणाले, मी म्हातारा, तूच उचल आणि जिथे देव नसेल तिथे ठेव. पाय जिथे नेऊन ठेवावेत तिथे पिंड. परीक्षा संपली. मडकं पक्कं झालं ते इथे. पुढे त्याच नामदेवांना कीर्तनाला समोर उभं राहू दिलं नाही, तेव्हा ते देवळामागे गेले आणि देऊळच फिरून त्यांच्याकडे तोंड करून उभं राहिलं, असं आमच्याकडे सांगतात.

थोडक्यात, थापटणं हवं होतं. अशा मोठ्या परंपरेच्या गावात राहून मी दोघांचे नुसते अर्ज वाचत बसणं बरं दिसलं नसतं. फेब्रुवारीतल्या एका रविवारी मी दोघांना घेऊन गावाबाहेरच्या एका डोंगरावर गेलो. नकाशात त्याला नाव नाही. काकांनी आधी डॉक्टरांना विचारून घेतलं होतं. अटी तीनच: निघायचं सहाला, पाणी माणशी दोन लिटर, आणि साडेनऊला जिथे असू तिथून परत फिरायचं, मग शिखर हाताच्या अंतरावर का असेना.

पोरगा जो सुटला तो दिसेनासाच झाला. वरून त्याच्या आरोळ्या तेवढ्या येत होत्या. काका माझ्यापुढे चालत होते आणि काहीतरी पुटपुटत होते. मला वाटलं, स्तोत्र असेल. जवळ जाऊन ऐकलं तर आकडे. शंभर पावलं झाली की काका थांबत, दोन घोट पाणी पीत, बोटाने हवेत एक रेघ मारत आणि पुढच्या शंभराला लागत. तीस वर्षं नोटांची बंडलं मोजलेला माणूस डोंगरही शंभराच्या बंडलांत मोजत होता! श्वास वाढला तर बंडल ऐंशीचं करत, पण मोजणी चुकू देत नसत. साडेनऊला शिखर उरलं असेल साठ-सत्तर पावलं. पोरगा वरून हातवारे करत होता, “काका, या की! हे काय राहिलं!” काकांनी घड्याळ पाहिलं, बाटली उन्हाकडे धरून पाणी पाहिलं, निम्म्याहून जास्त होतं. म्हणाले, “वेळ संपली. काउंटर बंद.” आणि वळले. आयुष्यात ज्या वाक्यासाठी गिऱ्हाइकांनी त्यांना शिव्या दिल्या, त्या वाक्याला मी त्या दिवशी मनातल्या मनात नमस्कार केला.

पोराने वर पोचल्यावर उरलेलं पाणी डोक्यावर ओतून घेतलं होतं; गार वाटावं म्हणून. उतारावर मुरूम होता, सुटा, खालून घरंगळणारा. दहा मिनिटांत त्याच्या मांड्या थरथरायला लागल्या. व्यायामशाळेत वजन उचलायला शिकवतात, पण स्वतःचं वजन उतारावर पाव-पाव इंच खाली कसं सोडायचं, ते बहुधा वेगळ्या बॅचला शिकवत असावेत. एके ठिकाणी त्याने आधाराला झुडूप धरलं, ते बोराटीचं निघालं. चेहरा पांढरा पडलेला, हाताला रक्त, पुढे पाऊल टाकवेना आणि मागे जाता येईना. खाली वीस-पंचवीस फूट नुसता दगड. चेष्टा करावी असं आम्हाला कोणालाच वाटलं नाही. काकांनी त्याला खाली बसवलं, आपलं पाणी घोट घोट पाजलं, पंधरा मिनिटं काही बोलूच दिलं नाही. मग स्वतः खालच्या बाजूला उभे राहिले आणि त्याचा घोटा धरून पाय एका पक्क्या दगडावर ठेवला. “हा. आता दुसरा.” पुन्हा घोटा, पुन्हा दगड. मला मॅटरहॉर्नचा तो वाटाड्या आठवत होता आणि मी आठवू नये असा प्रयत्न करत होतो. मी वरच्या बाजूने पोराचा पट्टा घट्ट धरून होतो. तेवढा पन्नास फुटांचा उतार उतरायला आम्हाला पाऊण तास लागला. नेस्मिथसाहेबांच्या कोष्टकात तो कुठे बसत नाही.

सोमवारी मी अहवाल दिला. काका: मंजूर, तारण नको, कळसूबाईच्या शिड्यांना कठडा धरून चढावं, बाराला जिथे असतील तिथून परतावं. क्लार्क: तूर्त स्थगित, दर रविवारी हाच डोंगर, काकांच्या मागे राहून, सहा वेळा. मॅनेजरबाईंनी अहवाल दोनदा वाचला, चष्मा काढला, पुसला आणि विचारलं, “नावं उलटी पडली नाहीत ना?”

त्या रविवारची एक गोष्ट अहवालात घातली नाही, ती इथे सांगतो. डोंगर उतरल्यावर काका म्हणाले, आलोच आहोत तर दर्शन घेऊन जाऊ. आता औंढ्याचं देऊळ तुम्ही पाहिलं असेल तर ठाऊक असेल. हेमाडपंती, यादवकाळातलं, भिंतींवर काळ्या दगडात मूर्तींची दाटी. वरचा भाग पुढच्या काळातला, अहिल्याबाईंनी जीर्णोद्धार केला तेव्हाचा म्हणतात. बारा ज्योतिर्लिंगांतला नागेश तो आमचाच. द्वारकेजवळचे आणि अल्मोड्याकडचे लोकही तसंच म्हणतात, पण ते त्यांनी म्हणावं. तर इतर ठिकाणी देव डोंगरावर असतो आणि भक्ताला चढावं लागतं. आमचा देव जमिनीच्या पोटात आहे. अरुंद तोंडातून, कंबरेत वाकून, दगडी पायऱ्या उतरून खाली जायचं, आणि खाली छत एवढं ठेंगणं की ताठ उभा राहील तो नागनाथाला नव्हे, छताला भेटेल.

काका सवयीने वाकून सरळ खाली गेले. पोरगा तोंडाशी अडकला. त्याने एक पाय खाली सोडला, मांडी थरथरली, पाय वर घेतला. मग पाठ करून बघितलं. मग बसून बघितलं. मागे रांग वाढत होती. नांदेडहून आलेली एक आजी नातवाला कडेवर घेऊन उभी होती आणि तिच्या मागे अख्खी एस.टी. होती. पुजारी ओरडत होते, “वाका, वाका! एकेक पाय!” पोराने दोन्ही हातांनी चौकट गच्च धरली, अंधारात डोकावला आणि अगदी काकुळतीने विचारलं, “काका, अजून किती पायऱ्या आहेत हो?”

खालच्या काळोखातून, देवाच्या अगदी शेजारून, काकांचा आवाज आला, “हे काय, हितंच तर हाय.”